पिंजाऱ्याच्या दारातला गार भात

हिवाळा लागला की आमच्या घरात कापूस उडायचा. पुढच्या खोलीत सासरे आणि माझा नवरा कमान टांगून बसत. कमानीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दांडकं पडलं की धुंईंऽऽ असा आवाज निघे आणि सरकीतून निघालेला पिळकटलेला कापूस अंग झटकून वर उठे. दुपारच्या उन्हाचा पट्टा खिडकीतून आत यायचा, त्यात तो तरंगत राहायचा. चहात कापूस, भाकरीत कापूस, पापण्यांवर कापूस. मी नवी नवरी म्हणून वाशीमला त्या घरात आले, तेव्हा पहिले काही दिवस मला सगळं झोपेत चालल्यासारखंच वाटे. कुणी बोललं तरी ते कापसातून आल्यासारखं ऐकू यायचं.

मला माहेर नव्हतं. म्हणजे इंझोरीला घर होतं, घरात आई नव्हती. मी तिला आठवण्याइतकी मोठी होण्याआधीच ती गेली. त्यामुळे आळीतल्या इतर सुना सणावारी माहेरी निघाल्या की मी उगाच भांडी आपटायची. माझा स्वभाव तसा आधीपासूनच तिखट. सासूला सगळे अम्मा म्हणत, मीही म्हणे, पण ते आपलं म्हणायचं म्हणून. ती मला दुल्हन म्हणून हाक मारी. आमच्या घरात उर्दू आणि वऱ्हाडी यांची अशी काही खिचडी होती, की रागावताना कोणती भाषा वापरायची ते ज्याच्या त्याच्या रागावर ठरे. अम्मा वऱ्हाडीत रागवायची. मी मराठीत लिहिते त्याचं कारण एवढंच, की लहानपणी उर्दू शाळा लांब होती आणि मराठी शाळा समोर.

ती जपानी बाई आमच्याकडं त्याच वर्षी आली. मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. तेव्हा आमच्याकडचा कापूस गाठी बांधून मुंबईला आणि तिथून आगबोटीनं जपानात जायचा. तो विकत घ्यायला एका कंपनीचा जपानी साहेब हंगामापुरता वाशीमला यायचा. त्या साली त्याची बायकोही आली. मुंबईत तिला एकटीला करमेना. सरकी काढायच्या जिनाजवळ राहायला जागा नव्हती, म्हणून आमच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या. मधे अंगण आणि विहीर. आळीतली माणसं काहीतरी निमित्त काढून तिला बघून जायची आणि बाहेर जाऊन वाट्टेल ते सांगायची.

पहिल्याच दिवशी ती अंगण ओलांडून आमच्या पुढच्या खोलीच्या दारात उभी राहिली. दारात एक पडदा होता. पिंजायच्या कामावरून आत येताना जो तो त्याला हात पुसायचा, त्यामुळे त्याचा मूळ रंग कुणालाच ठाऊक नव्हता. ती पडदा बाजूला करून कितीतरी वेळ उडणारा कापूस बघत राहिली. मग आत आली, नव्या भरलेल्या रजईवर हात ठेवला, आणि चक्क वाकून तिच्यावर गाल टेकला. तिच्या देशात म्हणे सगळे जमिनीवर गादी घालूनच निजतात आणि सकाळी ती घडी करून ठेवतात. अम्मा खूश झाली. "पाह्य दुल्हन," ती म्हणाली, "मेमसाब नोहे हे. आपल्यासारखी खाली निजते." त्या दिवसापासून मी तिला आपा, म्हणजे ताई, म्हणू लागले. माझ्याहून ती थोडीच मोठी असेल.

तिला मुंबईत शिकलेलं मोडकंतोडकं हिंदुस्तानी येत होतं. उरलेलं ती हातांनी बोलायची. दुपारी सासरे आणि नवरा नमाजला गेले की आम्ही दोघी पिंजलेल्या कापसाजवळ बसायचो. जमिनीवर पसरलेल्या पातळ थरावर ती बोटानं चित्रं काढायची. हे बंदर, ही बोट, ही माझी आई. मी अकोलासुद्धा पाहिलेलं नव्हतं, पण तिचं शहर मला पाठ झालं होतं.

मग तिला दिवस गेले, आणि तिच्या पोटात काही ठरेना. भाकरीचा वास आला तरी उलटी, वरणाला फोडणी पडली तरी उलटी. गोल चेहरा पार उतरला. अम्मानं मनगटात घातलेली बांगडी कोपरापर्यंत जायला लागली. साहेब एक दिवस सासऱ्यांपुढं येऊन बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. त्यांच्याकडेही पहिलं बाळंतपण आईकडेच करतात. तिला आईकडं पाठवायचं ठरलेलं होतं, पण अकोल्याच्या डॉक्टरनं तिला तपासून सांगितलं होतं, की अंगात जीव नाही, अशा अवस्थेत समुद्रावर पाठवू नका. आणि दिवस जास्त भरले की मग बोटवालेच घेणार नव्हते. म्हणजे खाल्लं तर माहेर, नाही तर वाशीम. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला शब्द किती कळले कोण जाणे, पण ती रडत होती.

अम्मानं कंबर कसली. शोरबा झाला, हरीरा झाला, खिमट झालं. आपा प्रत्येक वेळी खाली बसून, मान लववून, मोठ्या अदबीनं दोन घास घ्यायची आणि मग विहिरीकडं धावायची. शेवटी अम्मा वैतागली. "अवो, तिचे डोहाये त विचारा कोनी! पोटातलं लेकरू काय मांगून राह्यलं ते कोनी पुसलंच नाई!"

मी विचारलं. आपानं उत्तर द्यायला कापसावर बोट टेकवलं.

तिनं एक गल्ली काढली. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक न्हाणीघर, त्यातून वाफ निघते आहे. त्याच्या शेजारी एक गाडा, गाड्याला पडदा. संध्याकाळी तिचे वडील तिला न्हाणीघरातून आणताना तिथं थांबायचे. आत एक म्हातारा बसायचा. गार, आंबट भाताचा लहानसा मुटका हातात घ्यायचा, त्यावर माशाचा तुकडा ठेवायचा, की झालं. लोक उभ्यानंच खायचे. हमाल, शाळामास्तर, सावकार, सगळे खांद्याला खांदा लावून. शहरात बड्या लोकांच्या खानावळी होत्या, पण ती म्हणाली की तिच्या वडिलांसारख्या कारकुनाला परवडेल असा हा गाडा होता, आणि मासा मात्र अख्ख्या बंदरात तिथंच सगळ्यात चांगला. खाऊन झालं की जाता जाता पडद्याला हात पुसायचा. ज्याचा पडदा जास्त मळका, तो गाडा चांगला. लोक त्यावरूनच ओळखत. एवढं सांगून तिनं मान वर केली, आमच्या दारातल्या पडद्याकडं बोट दाखवलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसली.

मला ते शहर आजही दिसतं. अंधारत चाललेली गल्ली, वाफ, कंदील, लाकडी खडावांचा आवाज, आणि वडिलांच्या बोटाला धरलेली एक ओल्या केसांची मुलगी. माझ्या स्वप्नात त्या गल्लीत बर्फ पडायचा आणि तो बर्फ म्हणजे आमच्याच घरचा कापूस असायचा.

आपाच्या ट्रंकेत तिच्या देशाच्या तांदळाची एक लहान पिशवी होती. आईनं दिलेली, जपून ठेवलेली. शेवटची. अम्माकडं मर्तबानात उसाच्या रसाचा जुना, आंबट सिरका होताच. राहिला मासा. पैनगंगेकडून एक भोईण आठवडी बाजाराला मासे घेऊन यायची. मला वाटत होतं आपाला कच्चा मासा हवा असेल, तसं आळीत पसरलंच होतं. म्हणून मी भोईणीला जिवंत मरळ आणायला सांगितली. आपानं ती बघून हात जोडले. नदीचा मासा कच्चा नाही खायचा, तो समुद्राचा. भोईणीच्या टोपलीत तळाशी एक वाम वळवळत होती, लांबलचक. आपानं ती दोन्ही हातांनी धरली.

"साप हाये तो, साप!" अम्मा ओरडली.

"साप कायले असंन वो, वाम हाये," भोईण म्हणाली. "भाजून खाल्ली त लोन्यावानी लागते."

त्या दिवशी काय घडलं ते नीट सांगते. आपानं पिशवीतल्या सगळ्या तांदळाचा भात शिजवला, परातीत पसरला, त्यावर सिरका आणि किंचित गूळ-मीठ शिंपडलं, आणि पंख्यानं वारा घालून गार करायला ठेवला. वाम साफ करून बाजूला ठेवली. उभं राहवेना, म्हणून जरा पडायला गेली. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून मी प्यायचं पाणी आणायला गावच्या आडावर गेले. आणि तेवढ्यात अम्मा स्वयंपाकघरात आली.

आमच्याकडं भात रोजचा नव्हे. ज्वारीचा मुलूख आमचा. भात करायचा तो सणाला आणि पाहुण्याला, जुन्या तांदळाचा, शिताला शीत न चिकटलेला, वाफाळता. चिकट भात झाला तर त्या दिवशी बाई तोंड लपवते. आणि अम्माला काय दिसलं? पाहुणीच्या, त्यातून पोटुशीच्या, पानात वाढायचा भात. गोळा झालेला. थंडगार. तोंडात घातला तर आंबलेला! तिनं कपाळाला हात लावला, परात उचलली, अंगणात नेली आणि कोंबड्यांपुढं रिकामी केली. मग चूल पेटवून आपल्या ठेवणीतला जुना तांदूळ शिजवला, वामीचे तुकडे करून लसणाच्या फोडणीत सणसणीत कालवण केलं, आणि घामाघूम होऊन समाधानानं वाट बघत बसली.

मी घागर घेऊन आले तर कोंबड्या टिपत होत्या. आपाही उठून दारात आली होती. तिनं कोंबड्या पाहिल्या, पिशवी पाहिली, चुलीवरचं कालवण पाहिलं. खाली बसली, मान लववली, दोन घास खाल्ले. मग विहिरीकडं गेली. परत आल्यावर तिनं ती रिकामी पिशवी चार बाजूंनी नीट दुमडली आणि पदरात धरावी तशी छातीशी धरून आपल्या खोलीत गेली.

"अम्मा, काय केलं वो तुमी!" मी किंचाळलेच. सुनेनं असं बोलायचं नसतं, पण बोलले. "तो भात तसाच असते तिच्याकडं! तिच्या मायनं देल्ला होता तो!"

"आंबला होता," अम्मा म्हणाली. "गार होता. पोटुशीले मी आंबलेला भात देऊ काय? लोक काय म्हनतीन?" पण आवाजात दम नव्हता. त्या दिवशी ती नमाजच्या चटईवर खूप वेळ बसून राहिली. उठली तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाली, "तिले ईचार, अखीन कोन्या तांदयाचा होते तसा?"

साहेबाला मुंबईला बोटीसाठी तार करायची होती. पुढच्या बाजारापर्यंत तो थांबतो म्हणाला, त्यापुढं नाही. तोवर काही पोटात ठरलं तर ठरलं.

आपा माझ्याबरोबर अम्माच्या डब्यांतले तांदूळ बोटांत घेऊन बघत होती. जुना, सुटसुटीत, ज्याचा अम्माला अभिमान, तो तिनं मान हलवून परत ठेवला. तिला चिकटणारा हवा होता. अम्मा कपाळाला आठ्या घालून बसली होती, आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. नवा तांदूळ! यंदाच्याच पिकाचा, घाईनं विकायला आलेला. तो शिजला की गोळाच होतो, म्हणून चांगल्या घरात कुणी घेत नाही. गरीबगुरबे नेतात, म्हणून मातीमोल जातो. सासरे तो मागायला गेले तर दुकानदार म्हणाला, "चाचा, घरी पाव्हना आला हाये का दुश्मन?" सासरे म्हणाले, "लेक आली हाये." हे त्यांनी घरी येऊन सांगितलं नाही. मला पुष्कळ दिवसांनी दुकानदाराच्या बायकोकडून कळलं.

बाजाराच्या दिवशी भोईण वाम घेऊन थेट आमच्या अंगणात आली. पैसे घेऊनही ती गेली नाही. "खाते का नाई ते पाहून जातो," म्हणाली आणि विहिरीच्या कठड्याला टेकून बसली. आपानं निखाऱ्यावर वाम भाजली. तिच्याजवळ काळ्या खारट पाण्याची एक बाटली होती, त्यात गूळ विरघळवून ते वरून लावत राहिली. चरबी निखाऱ्यावर पडून धूर उठे. इकडं अम्मा परातीशी बसली होती. नवा तांदूळ शिजून मऊ गिचका झाला होता, सिरका शिंपडला होता, आणि अम्मा, माझी अम्मा, भाताला वारा घालत होती. तोंडानं चालू होतंच, "या अल्ला, पाव्हनीचा भात मी हातानं गार करून राह्यली." पण पंखा थांबला नाही.

मुटके वळायची पाळी आली तेव्हा आपाच्या हातातून भात निसटायला लागला. सगळं अंगच थकलेलं होतं. अम्मानं तिला बाजूला केलं आणि आपण हात ओला करून भात घेतला. पहिला मुटका तिनं घट्ट आवळला. आपानं मान हलवली आणि तिच्या मुठीवर आपला हात ठेवून मूठ सैल केली. अम्मानं भात तळहातावर तोलून पाहिला. मग म्हणाली, "हां, गादीत भराच्या कापसावानी. धराचा, पन दाबाचा नाई." जन्मभर रजया भरलेले ते हात. दुसऱ्या मुटक्यापासून तिला सांगावं लागलं नाही.

आपा खाली बसेना. तिनं दारातल्या पडद्याकडं बोट दाखवलं. अम्मानं जीभ चावली. उभ्यानं खायचं? आमच्यात लहान पोरालाही उभ्यानं खाऊ देत नाहीत. पण डोहाळे ते डोहाळे. आपा पडद्याअलीकडं उभी राहिली, तिच्या शेजारी मी. पलीकडं कमान थांबली होती. सासरे आणि नवरा श्वास रोखून बसले होते हे मला पडद्याखालून दिसणाऱ्या त्यांच्या पायांवरून कळत होतं.

तिनं एक तोंडात ठेवला. डोळे मिटले. मी तिच्याकडं बघून माझाही तोंडात घातला. आंबट, गार, मऊ, आणि वर ती भाजलेली वाम, गोड, धुराची, खरंच लोण्यासारखी. उन्हात कापूस तरंगत होता. मी शपथेवर सांगते, मला न्हाणीघराची वाफ लागली, खडावा ऐकू आल्या. आम्ही वाशीममध्ये नव्हतो. आपानं दुसरा घेतला. तिसरा घेतला. भोईण कठड्यावरून उठून उभी राहिली. सगळे विहिरीच्या वाटेकडं बघत होते, आणि आपा त्या वाटेला गेली नाही. खाणं संपवून तिनं आमच्या मळक्या पडद्याला हात पुसला, दोन्ही बाजूंनी, अगदी सावकाश.

पडद्यापलीकडून धुंईंऽऽ असा आवाज आला आणि काम परत सुरू झालं.

मग रोजच नवा तांदूळ शिजू लागला. वाम नसली तर भाजलेलं वांगं, नाही तर अंड्याची पोळी. हळूहळू भाकरीही ठरू लागली. आपाचे गाल भरून आले, बांगडी मनगटाशी थांबली. रोज भात वळताना मला आनंद व्हायचा आणि रोज रडू यायचं, कारण ती जितकं खाईल तितकी लवकर जाईल हे मला दिसत होतं. तिला माहेर मिळणार होतं. मला ते हवं होतं तिच्यासाठी, आणि मला तिचा हेवाही वाटत होता. दोन्ही एकाच पोटात. डॉक्टरनं हो म्हटलं त्या दिवशी ती मला मिठी मारून हसत सुटली, आणि मी म्हटलं, "जा ना, जा, कोनं धरलं तुले?" तिला ते कळलं नाही हे बरं झालं.

सासऱ्यांनी दोनदोनदा पिंजलेला कापूस घालून अम्मानं एक एवढीशी दुलई शिवून दिली. आपा स्टेशनवर ती उराशी धरून डब्यात बसली. गाडी हलली तेव्हा तिनं माझी बोटं सोडली नाहीत, मी चार पावलं गाडीबरोबर धावले. तिनं पुढं पत्र पाठवलं असेलही. आम्हाला मिळालं नाही. मग लढाई आली, जिनावर जपानी दिसेनासे झाले, आणि तिचं शहर जळाल्याच्या बातम्या ऐकू यायला लागल्या. तिला मुलगा झाला की मुलगी, मला आजतागायत माहीत नाही.

पण लढाईच्या आधीचीच आणखी एक गोष्ट राहिली. आपा गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मला दिवस गेले, आणि माझ्याही पोटात काही ठरेना. आळीतल्या बायका विचारायच्या, "माहेरी कधी जाणार?" मी भांडी आपटायची. अम्मा विचारायची, "काय खावंसं वाटते?" मी म्हणायची, "काईच नाई." काय सांगणार? जी वस्तू तिनं एकदा कोंबड्यांना टाकली, ती? आणि ती पण कुठल्या परक्या बाईच्या आईची.

एका दुपारी मी निजून उठले आणि अंगणात आले. अम्मा परात पुढं घेऊन बसली होती. नव्या तांदळाचा वास येत होता, सिरक्याचा वास येत होता, आणि ती पंख्यानं वारा घालत होती. निखाऱ्यावर वाम होती. भोईणीला तिनं कधी सांगून ठेवलं होतं कोण जाणे.

तिनं मला हाताला धरून पडद्याशी उभं केलं. हातावर एक मुटका ठेवला. हलका, न दाबलेला.

माझ्यानं तोंडात घालवेना. मी म्हटलं, "अम्मा, माही माय असती त..."

"मंग मी कोन हाओ?" अम्मा वस्सकन म्हणाली. "तिले बोटीनं जा लागलं माहेरी. तुहं त इथंच हाये. खाय. गार झाला हाये चांगला."

मी खाल्ला. सगळे खाल्ले. मग त्या पडद्याला हात पुसले, आणि डोळेही.